खोटा तळ

पहिल्या दिवशी मी त्यांना मावशी म्हणाले. त्यांनी स्क्रीनवरून मान वळवली नाही.

"तुझ्या आईला बहीण आहे?"

"नाही."

"मग मावशी कुठून उगवली? बाई म्हण."

मी बाई म्हणू लागले. पुढचा प्रश्न शिक्षणाचा होता. साहित्याची पदवी आहे, असं मी सांगितलं.

"साहित्य मागच्या खोलीत ठेवतात," बाई म्हणाल्या. "दोऱ्या, बादल्या, बोये, सगळं तिथेच आहे."

ऑफिस हसलं. बाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून मला सगळे साहित्य म्हणतात.

आमचं ऑफिस समुद्रातलं क्रिल मोजतं. क्रिल म्हणजे कोळंबीच्या जातीचा जीव. बोटभर लांब, काचेसारखा आरपार दिसणारा. थंड पाण्यात त्याच्या प्रचंड झुंडी असतात. देवमासे त्यावर जगतात, पक्षी जगतात, आणि बंदरातले ट्रॉलरवालेही. कुठल्या पाण्यात किती पकडायचं, ते आमच्या आकड्यांवर ठरतं. मला घेतलं होतं ते त्या आकड्यांभोवतीची वाक्यं सरळ करायला.

मोजणी आवाजाने होते. जहाजाच्या पोटातून खाली आवाजाचा एक ठोका सोडायचा. तो झुंडीवर आपटून परत येतो. मग पुढचा ठोका. असे दिवसभर. एक आवाज जाड असतो, एक बारीक. मासा जाड आवाजाला मोठ्याने ओ देतो, क्रिल बारीक आवाजाला. दोन्हींची तुलना केली की कोण आहे ते कळतं. हे सगळं स्क्रीनवर रंगांच्या डागांत दिसतं. पण प्रत्येक डाग खरा नसतो. लाटांचे बुडबुडे असतात, दुसऱ्या जहाजाचा गोंगाट असतो. तो कचरा हाताने पुसावा लागतो. तेच बाईंचं काम. त्यांना पाठीमागे खोडरबर म्हणत. समोर कोणी म्हणत नसे.

बाई भांडकुदळ होत्या. हे मी प्रेमाने सांगत नाही. चहावाल्याशी त्या कपाच्या कानावरून भांडत. जहाजावर ठोक्यांच्या अंतराच्या बटणाला कोणी हात लावला, तर त्याची सात पिढ्यांची चौकशी होई. "दरवर्षी एकाच तालात ठोके पडले पाहिजेत," त्या म्हणत. "ताल बदलला की यंदाची मोजणी गेल्या वर्षीच्या शेजारी कशी ठेवणार? तुझं वजन तुझ्या आजोबांच्या तराजूवर करू का?"

खोटा तळ काय असतो, ते मला त्यांनीच समजावलं.

"सासूशी भांडलीस कधी?"

"लग्न नाही झालं माझं."

"मग ऐक फक्त. काल ती मला काही बोलली. मी उत्तर दिलं आज, तिचं दुसरंच काही बोलून झाल्यावर. तिला वाटणार, हे आजच्याच बोलण्याचं उत्तर. तसंच. पाणी फार खोल असलं की तळाचा आवाज यायला उशीर होतो. तोवर वरून दुसरा ठोका सुटलेला असतो. यंत्र ते उशिराचं उत्तर दुसऱ्या ठोक्याच्या नावावर टाकतं. मग मध्येच, अधांतरी, तळ दिसायला लागतो. खोटा."

"मग?"

"मग काय, पुसायचा."

बंदरापासून जवळ समुद्राच्या पोटात एक घळ आहे. फार खोल. तिच्यावरून जहाज गेलं की दरवर्षी तोच खोटा तळ, त्याच जागी, लाल पट्ट्यासारखा उमटे. बाई तो जाड आवाजाच्या चित्रात पुसत. प्रोग्रामची सोय अशी होती की जाड आवाजात पुसलं की बारीक आवाजातलंही आपोआप पुसलं जाई. नाहीतरी एकाला सोडून दुसऱ्याची तुलना कशाशी करणार? पट्टा पुसला की घळ रिकामी दिसे. रिकामी म्हणून बंद. तिथे कोणालाच पकडायची परवानगी नव्हती. ट्रॉलरवाले कुरकुरत. बाई म्हणत, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

ट्रॉलर मग घळ ओलांडून लांब जात. उघड्या, खवळलेल्या पाण्यात.

मी बाईंच्या घरी माडीवर भाड्याने राहायला गेले. "खोली आहे," त्या म्हणाल्या होत्या. "तोंड बंद ठेवायचं असेल तर ये." खाली बाई आणि त्यांच्या सासूबाई. दोघींचं बोलणं माडीवर ऐकू येई.

"चहात साखर घातलीस?"

"घातली."

"लागत नाही."

"चहा तोच आहे. जीभ बदलून बघा."

"माझी जीभ आहे म्हणून या घरात आवाज तरी आहे."

एका गोष्टीवर मात्र दोघींचं एकमत होतं. ती गोष्ट म्हणजे बाईंचा दीर.

त्याचा स्वतःचा ट्रॉलर होता. बाईंचे यजमान त्याच ट्रॉलरवर इंजिन सांभाळत. एका हंगामात दीर बोट लांबच्या पाण्यात घेऊन गेला. वादळ येणार हे माहीत होतं, असं लोक म्हणतात. बोट परत आली. मोठा भाऊ आला नाही. लाटेने डेकवरून नेला. तेव्हापासून या घरात एकच वाक्य चालत आलं होतं. तू नेलंस त्याला. आई ते तोंडावर म्हणे. बाई तेही म्हणत नसत. त्या त्याच्याशी बोलतच नसत.

तरी तो दर रविवारी जेवायला येई. आईचाच मुलगा. खाली मान घालून जेवे. दीर-भावजय एकमेकांना पाण्यात पाहत. बाईंचं तर पोटच पाण्यात पाहण्यावर होतं. बोलायची वेळ आली तर दोघं सासूबाईंमार्फत बोलत. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्यांदा आलं नाही.

त्या रविवारी दीर भात कालवता कालवता म्हणाला, "आई, तिला सांग, मी परवा घळीवरून आलो. माझ्या यंत्रावर भिंत होती. क्रिलची भिंत."

बाई त्याच्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या. "सासूबाई, त्याला सांगा, ती भिंत नाही. खोटा तळ आहे."

"आई, तिला सांग, माझं यंत्र तिच्या तालावर नाचत नाही. मी ठोके वेगळ्या अंतराने टाकतो. खोटा तळ माझ्याकडे भलतीकडे दिसतो. ही भिंत वेगळी होती."

"सासूबाई, त्याला विचारा, बंद पाण्यात जाळं टाकलं का. टाकलं असेल तर उद्या ऑफिसात कळवते."

"आई, तिला सांग—"

"मी काय पोस्टमन आहे?" सासूबाई ओरडल्या. "जेवा गुमान. आणि तू रे, एकाला घालवून पोट भरलं नाही वाटतं? आता घळ पाहिजे?"

तो ताटावरून उठला. हात धुतले. दुसऱ्या दिवशी त्याने लेखी तक्रार केली. मागे सगळे ट्रॉलरवाले उभे राहिले. आमच्या प्रमुखांना जहाज पाठवावंच लागलं.

बाई जहाजावर चढल्या त्या दात-ओठ खातच. मीही होते, निष्कर्ष लिहायला. घळ आली. पाणी सपाट आणि राखाडी होतं. स्क्रीनवर लाल पट्टा उमटला, नेहमीच्या जागी.

"हा बघा," बाई म्हणाल्या. "जुना पाहुणा. आता गंमत दाखवते. ताल बदलते. खोटा असेल तर जागा सोडेल. खरा असेल तर हलणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते बटण फिरवलं.

लाल पट्टा वर सरकला. बाईंनी विजयाने आमच्याकडे पाहिलं. आम्ही त्यांच्याकडे पाहत नव्हतो. पट्टा जिथून उठला होता तिथे खाली दुसरं काहीतरी होतं. जाड, गर्द, लांबलचक. ते हललं नव्हतं.

बाईंनी बटण परत फिरवलं. पट्टा खाली आला आणि त्याला झाकून बसला. पुन्हा फिरवलं. पट्टा उठला. ते तिथेच.

"पुसू का, बाई?" मागून कोणीतरी खट्याळपणे विचारलं. कोणी हसलं नाही.

जाळं सोडलं. ते वर आलं तेव्हा डेकवर गुलाबी लगदा सांडला आणि तडतडू लागला. हजारो काळे डोळे. बाईंनी एक उचलला, उजेडाकडे धरला, आणि परत ढिगात टाकला. हात पँटला पुसले. बंदर येईपर्यंत त्या त्या बटणाशीच बसून होत्या. मला वाटलं, चूक झाली म्हणून लाज वाटते आहे. मला अजून काहीच कळलं नव्हतं.

ऑफिसात येऊन त्यांनी ऑपरेटरला जुना डेटा उघडायला लावला. बारीक आवाजाचं चित्र, न पुसलेलं. दर वर्षीचं.

"वर्ष सांग त्याला," त्या ऑपरेटरकडे बोट दाखवून मला म्हणाल्या.

"कुठलं?"

"हे गेले त्याच्या आदलं."

मी सांगितलं. चित्र आलं. बारीक आवाज तळापर्यंत पोचतच नाही, म्हणून त्यात खोटा तळ उमटत नाही. तेवढ्या खोलीवर तो दमलेला असतो, सगळं दाणेदार दिसतं. तरी दिसत होतं. घळीत, पट्ट्याच्या जागी, एक लांब डाग.

"होतं," बाई म्हणाल्या. "इथेच होतं. घराच्या दारात."

तेव्हा मला कळलं. त्या वर्षी हा डाग पुसला नसता, तर पुढच्या हंगामात घळ उघडी असती. घळ उघडी असती, तर कोणी लांबच्या पाण्यात गेलं नसतं.

बाईंनी चित्र बंद करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. प्रमुख गोड माणूस होता. साखरेत घोळवून सुरी चालवायचा.

"चूक कोणाचीच नाही," ते म्हणाले. "साहित्य, लिहून घ्या. 'यंत्राच्या मर्यादेमुळे सदर पट्टा मोजणीतून वगळण्यात आला होता.' बस. उद्या ट्रॉलरवाल्यांच्या सभेत हे वाचू, घळ उघडू, विषय संपला."

"कोणी वगळला?" बाईंनी विचारलं.

"वगळण्यात आला."

"कोणाकडून? भुताकडून?"

"बाई, याला कर्मणी प्रयोग म्हणतात. सगळी सरकारं यावरच चालतात. हो की नाही, साहित्य?"

मी वाक्य लिहून घेतलं.

"यंत्राचं नाव घेऊ नका," बाई म्हणाल्या. "यंत्र बिचारं दाखवत होतं. ताल बदलायचा नाही, हा नियम माझा. पुसणारा हात माझा. दुसऱ्यांदा बघितलं नाही, तीही मीच."

प्रमुखांनी दार लोटून घेतलं. आवाज आणखी मऊ केला.

"आता तुमच्या हिताचं बोलतो. आज सगळं बंदर काय म्हणतं? दिराने नेलं. तुमच्या सासूबाई काय म्हणतात? दिराने नेलं. यंत्राची मर्यादा म्हटली, तर तेच राहील. तुम्ही 'मी' म्हणालात, तर लोक हिशोब मांडतील. लोकांना फार वेळ लागत नाही. त्या म्हातारीसमोर तुम्ही कुठल्या तोंडाने जेवायला बसणार? गेलेला माणूस तर येत नाही."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मी इतका द्वेष कोणाच्या डोळ्यांत पाहिला नव्हता. पण तो प्रमुखांसाठी नसावा.

"हिताचं बोललात," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

त्या संध्याकाळी दीर घरी आला होता. रविवार नव्हता. जाळ्यात क्रिल आल्याचं बंदरभर झालं होतं.

"आई," तो म्हणाला, "तिला विचार, भिंत होती की नव्हती."

बाई भांडी घासत होत्या. पाठमोऱ्या.

"सासूबाई, त्याला सांगा, उद्या सभा आहे."

"आई, तूही ये उद्या. एवढी वर्षं मी ऐकलं. उद्या तू ऐक."

"मी काय ऐकायचं? मासळीबाजार तो," सासूबाई म्हणाल्या. "तुझं वाक्य काय ते माझ्याकडे आहे. तू नेलंस."

"हो. नेलं. कुठे नेलं आणि का नेलं, ते उद्या विचार कोणाला तरी."

बाईंच्या हातातलं पातेलं नळाखाली तसंच राहिलं. पाणी भरून वाहत होतं. त्याला कळलं होतं. समुद्रावरचा माणूस, त्याला हिशोब कोणी शिकवायला नको होता. पण त्याने तो आईला सांगितला नाही. स्वतःच्या तोंडाने सांगितला तर तिला तो पळवाट वाटला असता. दुसऱ्या कोणाच्या तोंडून यायला हवा होता. आणि ते तोंड एकच होतं.

बाईंनी नळ बंद केला. रात्री जेवल्या नाहीत.

सभा बंदराच्या लिलावघरात होती. ओली फरशी, लाकडी बाकं, खारट वास. ट्रॉलरवाले दाटीवाटीने बसले होते. कोणी 'खोडरबर आली' म्हणालं, मुद्दाम ऐकू जाईल असं. मागच्या बाकावर सासूबाई शाल घट्ट धरून बसल्या होत्या. बाजूला त्यांचा मुलगा. बाईंच्या खांद्यावर एक मोठी पिशवी होती. एवढी मोठी पिशवी त्या ऑफिसला कधी आणत नसत.

प्रमुखांनी माझं वाक्य वाचलं. माझं म्हणजे त्यांचं. "यंत्राच्या मर्यादेमुळे सदर पट्टा—"

"खोटं आहे," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"बाई, प्रश्न नंतर घेऊ."

"प्रश्न नाही. उत्तर आहे." त्या उभ्या राहिल्या. "पट्टा मी पुसला. दरवर्षी मीच पुसला. खाली क्रिल होतं, मी बघितलं नाही. मला वाटलं, मला माहीत आहे. घळ माझ्यामुळे बंद राहिली. तुम्ही लांब गेलात ते माझ्यामुळे."

त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं.

"माझा नवरा लांबच्या पाण्यात गेला. त्याला दिराने नेलं, असं घरात म्हणतात. मीही मनात तेच म्हणत आले. जवळचं पाणी मी बंद केलं होतं. तो नेणार तरी कुठे?" त्यांचा आवाज जराही हलला नाही. "बस. आता विचारा काय ते."

पुढच्या बाकावरचा एकजण हलकेच म्हणाला, "हरामखोर." त्याचाही कोणी लांब गेला होता का, मला माहीत नाही. बाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं आणि मान हलवली. मान्य असल्यासारखी.

मागे सासूबाई उठल्या. उभं राहायला त्यांना वेळ लागला. त्या बाईंकडे आल्या नाहीत. मुलासमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी त्याच्या कोटाची कॉलर नीट केली, जशी शाळेत पाठवताना करतात. ती नीटच होती.

"चल घरी," त्या म्हणाल्या.

घळ उघडली. हात वर करून ठराव झाला. बाईंना स्क्रीनवरून काढून भांडारात नेमलं. प्रमुखांनी ते तिथल्या तिथे, खेद व्यक्त करून सांगितलं.

आम्ही दोघी बाहेर पडलो. वारा अंगाला लागत होता. फाटकाशी दीर उभा होता. आईला त्याने गाडीत बसवलं होतं. सासूबाई काचेतून समोर बघत होत्या, फक्त समोर.

मध्ये बोलायला कोणी नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला.

"वहिनी म्हणू नकोस." बाईंनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "एक ऐक. घळीत दक्षिणेच्या कडेला जाळं खोल सोडू नकोस. तिथे तळातून खडक उठलाय. सुळक्यासारखा. जाळं अडकलं तर बोट ओढून घेईल."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर आनंद नव्हता. इतक्या वर्षांनी सुटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असायला हवा तसा काहीच नव्हता.

"दक्षिणेच्या कडेलाच भिंत दिसली होती मला," तो म्हणाला.

"माहीत आहे. खडक तिच्याच खाली आहे."

"बघ ना. जिथे भरपूर आहे, नेमकं तिथेच जाऊ नको म्हणतेस." तो हसला. कडवट. "एवढी वर्षं तू सांगितलंस, तिथे काही नाही. आम्ही ऐकलं. आता सांगतेस, तिथे खडक आहे. आता तुझं काय ऐकायचं आणि काय नाही, ते आम्ही ठरवू."

तो गाडीत बसला. गाडी निघून गेली.

बाई फाटकात उभ्या होत्या. मला त्यांना एक विचारायचं होतं. खडक खरंच आहे ना? मी विचारलं नाही. पण मी तोंड उघडलं होतं आणि मिटलं होतं, ते त्यांनी पाहिलं.

त्या घराच्या उलट्या दिशेला चालू लागल्या. मी मागून गेले. पिशवी धरू का म्हणाले.

"साहित्य," त्या मागे न बघता म्हणाल्या, "तू माडीचं भाडं सासूबाईंना देत जा. वेळेवर. आणि त्यांच्या चहात साखर दोनच चमचे."